‘लक्ष नव्हतं’ हा ठपका

पिंपळगाव बसवंतच्या पुढे आमच्या नात्यातल्या एकांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. हंगामात सकाळपासून तिथे लांबलचक टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असतात. डोक्यावर जाळीची टोपी, हातात मोजे, उजव्या हातात निमुळत्या टोकाची कात्री. डावा हात देठाला धरून घड उचलतो, मनगट फिरतं, घड चारी अंगांनी नजरेखालून जातो आणि कात्रीचं टोक आत शिरून नको तो मणी अलगद काढतं. चिरलेला मणी, डाग पडलेला, बारीक राहिलेला, गुलाबी झाक मारणारा. मण्यावर जो पांढुरका थर असतो त्याला बोट लागू द्यायचं नाही, म्हणून सगळा कारभार देठावरून. घड पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यात, पनेट काट्यावर, काट्यावरून पेटीत. की लगेच पुढचा घड.

मी गेले होते त्या दिवशी दुपारी तयार पेटी उघडून तपासताना दोन चिरके मणी निघाले. मुकादमानं पनेटवरचा नंबर बघितला आणि त्या टेबलाशी जाऊन विचारलं, “लक्ष कुठंय, मावशी?” मावशी गप्प. शेजारणींच्या माना आणखी खाली. एवढं होईपर्यंत मावशींच्या हातातला पुढचा घड निम्मा साफ झालेला होता.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. पुस्तकात ज्याला अवधान म्हणतात तो धडा माझ्या सगळ्यात आवडीचा, आणि इतकी वर्षं तो शिकवून माझं एक मत पक्कं झालंय. ‘लक्ष नव्हतं’ हा ठपका आपण फार सहज ठेवतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर ठेवतो. त्यात आपण स्वभाव वाचतो: आळस, बेपर्वाई, हट्ट, कधी कधी तर डांबिसपणा. प्रत्यक्षात तिथे डोळा, कान आणि मेंदू आपापल्या घडणीप्रमाणे वागत असतात, आणि ती घडण कुणाच्या ओरडण्यानं बदलत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलाला हाच प्रश्न पडला होता. रडारसमोर बसलेले प्रशिक्षित जवान, पडद्यावर पाणबुडीची खूण उमटलेली असूनही, ती चुकवत होते. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक घड्याळ बनवलं. कोऱ्या तबकडीवर एकच काटा, सेकंदाला एक घर सरकणारा. मधूनच कधीतरी तो एकाऐवजी दोन घरं उडी घ्यायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं, बस्स. बैठक दोन तासांची. १९४८ साली त्यानं निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासातच पकड सैल पडू लागते, आणि जीव तोडून बघणाऱ्याचीही पडते. अर्ध्या तासानं विश्रांती दिली की ती पुन्हा जागेवर येते.

द्राक्षाच्या टेबलाला आणखी जवळची गोष्ट २००५ सालची. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना गर्दीच्या चित्रांमधून एक ठरावीक प्रकारची वस्तू शोधायला लावली, विमानतळावर बॅगा तपासतात तशी. निम्म्या चित्रांत ती वस्तू असेल तेव्हा लोक ती ७ टक्के वेळा चुकवत. शंभरातल्या एकाच चित्रात असेल तेव्हा चुकण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. लोक तीच, डोळे तेच, वस्तूही तीच. ती विरळा झाली एवढाच फरक. मनाला ‘नाही, नाही, नाही’ची सवय लागते आणि ते शोध लवकर आवरतं. म्हणजे बाग जितकी चांगली, माल जितका निरोगी, तितका त्यातला एखादा वाईट मणी सुटण्याची शक्यता जास्त. सगळ्यात उत्तम बागेचा माल ज्या बाईच्या वाट्याला आला, ठपका तिच्यावरच येणार.

हे मी त्या नातेवाइकांना सांगितलं. शेतकरी माणूस, त्यांना पटलं की ते करतात. आता तिथे ठरावीक वेळानं जागा बदलतात: निवडणारी काट्यावर जाते, काट्यावरची स्टिकर लावायला, स्टिकरवाली निवडायला. मुकादमाचा आवाज पुष्कळ खाली आलाय, असं बायकाच सांगतात.

डोळ्याबद्दल आपली जी समजूत असते तिथेच मुळात गडबड आहे. आपल्याला वाटतं, डोळे उघडे आहेत म्हणजे समोरचं सगळं दिसतंय. हात सरळ पुढे धरून अंगठ्याच्या नखाकडे बघा. खरोखर बारकाईनं दिसतं ते साधारण तेवढ्याच तुकड्यातलं. दृष्टिपटलाच्या मधोमध जो छोटासा खळगा आहे, त्यावर पडेल तेवढंच स्पष्ट, बाकीचं कडेला जाईल तसं अंधुक. हा तुकडा पुरा पडावा म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारून जागा बदलतो, आणि उडी मारत असताना मेंदू चित्र जवळजवळ बंद ठेवतो. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभं राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे आणि मग उजव्या डोळ्याकडे बघा. आपले डोळे हललेले आपल्याला कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते हलताना स्पष्ट दिसतात. रविवार कारंजावर उभं राहिलं की रिक्षा, फुलवाले, गणपतीचं देऊळ, सिग्नल असं सगळं एकसलग दिसल्यासारखं वाटतं, त्यातलं बरंचसं आत्ताचं नसतंच. क्षणापूर्वीची आठवण आणि मेंदूनं बांधलेला अंदाज यांनी मधल्या जागा भरलेल्या असतात.

आणि जिथे डोळा टेकलेला असतो तिथलंही दिसेलच असं नाही. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांचा १९९९ सालचा प्रयोग आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पांढरे आणि काळे शर्ट घातलेले दोन गट चेंडू खेळतायत, पांढऱ्यांचे पास मोजायचे. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती येते, मधोमध उभी राहून छाती बडवते आणि निघून जाते. मोजणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसत नाही. वर्गात मी हा व्हिडिओ दाखवते तेव्हा दरवर्षी काही मुलं हट्टानं म्हणतात, “मॅडम, तुम्ही दुसरा व्हिडिओ लावलात.” त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण ती खोटं बोलत नसतात.

माझ्या मते याहून मोठी गोष्ट २०१३ सालची. २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र घालून ठेवलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राचा हिशेब सांगत होता की त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्या गोरिलावर जाऊन आलेली होती. ही माणसं वर्षानुवर्षं बघण्याचंच काम करणारी. त्यांना बेफिकीर कोण म्हणेल? ती गाठ शोधत होती, आणि गाठ शोधणारं मन गोरिला बाजूला सारतं. ते बाजूला सारणं बिघडलं, तर गाठही सापडायची नाही.

आता महामार्गावर या. रात्री ओझरकडून पिंपळगावच्या दिशेनं जाताना पुढे कांद्याची ट्रॉली असते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीनं लिंपलेला, गोण्यांचा रंग आणि अंधाराचा रंग एकच. धडक होते आणि गाडीवाला म्हणतो, “दिसलीच नाही हो.” जमलेल्यांपैकी कुणाचा विश्वास बसत नाही. “डोळे काय खिशात घातले होते?” मोटरसायकलवाल्याचं तर भरदिवसा हेच होतं. लहान आकाराचं वाहन असतं त्याहून लांब आणि सावकाश येतंय असं वाटतं, आणि चौकात वळणारा मनातल्या मनात चारचाकी शोधत असतो. द्वारका चौकातून रोज जाणाऱ्या कुणालाही विचारा, एकदा तरी “हा कुठून उगवला?” असं त्याच्या तोंडून निघालेलं असतं.

याचा अर्थ ठोकणाऱ्याची जबाबदारी संपते असं मी म्हणत नाही. फोन उचलणं हा निर्णय असतो आणि त्या निर्णयाची जबाबदारी पुरेपूर त्याची. फक्त तो निर्णय नेमका कुठे चुकतो ते नीट समजून घ्यायला हवं. डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ साली दाखवलं की गाडी चालवण्यासारखं काम करताना फोनवर बोलणाऱ्यांचे सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुपटीवर जातं, आणि फोन हातात असो की कानाला अडकवलेला, फरक पडत नाही. हात मोकळे असण्याला काही अर्थ नाही, मन अडकलेलं असतं. शेजारच्या सीटवरचा माणूस पुढे ट्रक दिसला की आपसूक गप्प होतो, गंगापूर रोडला गर्दी लागली की वाक्य अर्धवट सोडतो. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही. तो बोलतच राहतो आणि उत्तराची वाटही बघत राहतो.

जीभ आणि नाक यांच्याविषयी थोडक्यात सांगते, कारण मला कानाकडे यायचंय. नाशिकभोवती वायनरी उभ्या राहिल्यापासून ग्लास फिरवून वास घेणारी मंडळी आपल्याकडेही दिसतात. फ्रान्समध्ये बोर्दोला २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगानं लाल करून दिली. त्यांनी तिचा वास सांगताना लाल वाइनसाठी वापरायचे शब्द वापरले. डोळ्यानं आधीच निकाल दिला होता, नाकानं सही केली. मिसळीचा झणका ही तर चवच नव्हे. तोंडातल्या मज्जातंतूंवर एक दार असतं, ते साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असं कळवतं. मिरचीतल्या तिखट द्रव्यानं तेच दार उघडतं. १९९७ साली हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधून काढलं, आणि स्पर्शावर काम करणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांच्यासह ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

हे सगळं घरात कुठे येतं, तर जेवणाच्या ताटाशी. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा वाटा वासाचा असतो, घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा. १९८४ साली रिचर्ड डोटी आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये छापलेल्या पाहणीत ८० वर्षांपुढच्या तीनचतुर्थांशाहून अधिक लोकांची वास घेण्याची शक्ती खूपच उणावलेली आढळली. ती इतकी हळूहळू जाते की ज्याची जाते त्याला पत्ता लागत नाही. त्याला एवढंच वाटतं, हल्ली भाजीला चव नसते.

माझी आत्या, सगळ्यांची माई, ऐंशीच्या पुढची आहे. पंचवटीत काळारामाच्या देवळापासून चार गल्ल्या सोडून जुन्या वाड्यात मुला-सुनेबरोबर राहते. वरणाच्या वाटीत ती वरून मीठ घालते, आमटीला “काही दम नाही” म्हणते आणि ठेच्याचा डबा जवळ ओढते. वहिनी मनातून दुखावते. इतकी वर्षं करतेय, पण आईंना माझ्या हाताचं आवडतच नाही. दोघीही खरं बोलतात. आमटी चांगली असते, आणि ती माईपर्यंत पोचत नाही. ठेचा पोचतो, कारण त्याला नाकाची फारशी गरज नाही.

पण माईवरचा खरा ठपका कानाचा आहे. “आईंना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.” हे वाक्य नाशिकमध्ये मी इतक्या घरांतून ऐकलंय की म्हातारपणाचं ते एक लक्षणच समजलं जातं. हाका मारमारून उत्तर नाही, आणि आतल्या खोलीत हळू बोललेलं मात्र शब्दन् शब्द समजतं. मग घरातल्यांना वाटायला लागतं की हे नाटक आहे.

एक सकाळ सांगते. माई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती. वहिनी सिंकपाशी, पाठमोरी, नळ चालू, कुकर शिट्टीच्या बेतात. वहिनी म्हणाली, “आई, चहा टाकू का?” माई म्हणाली, “अजून कुठे, आत्ताशी साडेनऊ होतायत.” वहिनीनं माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यात सगळं होतं.

माईला ‘दहा’ ऐकू आलं होतं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात केसासारख्या बारीक टोकांच्या पेशी. दर कानात आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार, बाहेरच्या रांगांत बारा हजारांच्या आसपास. नळीच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज टिपले जातात, आत खोल गेल्यावर खर्जातले. जॉर्ज फॉन बेकेसी यांना १९६१ चं नोबेल मिळालं ते ध्वनीची लाट या नळीत कशी चालते हे दाखवल्याबद्दल. वय वाढतं तशा आधी नळीच्या तोंडाकडच्या पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आता बोलण्याचं बघा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, जोरकस. स, श, च, ट, थ, फ, क यांची ओळख पटवणारा भाग उंच पट्टीतला आणि मुळातच क्षीण. म्हणून म्हातारपणी बोलणं ऐकू येतं, कळत मात्र नाही, जणू ओळीतल्या काना-मात्रा-वेलांट्या राहिल्यात आणि अक्षरं पुसली गेलीत. उरलेल्या खुणांवरून माई वाक्य जुळवते. ‘चहा’तला ‘च’ नळाच्या पाण्यात गेला, राहिलेल्या ‘हा’वरून आणि सकाळच्या वेळेवरून तिनं ‘दहा’ जुळवलं. माझ्या मते तो उत्तम अंदाज होता. असे अंदाज ती दिवसभर बांधत असते, आणि त्यातच संध्याकाळपर्यंत थकून जाते. पाहुणे बसलेले असताना ती उठून आत निघून जाते ते यामुळे.

आणि आतल्या खोलीतलं? दुपारची वेळ, नळ बंद, पंखा बंद, वाडा शांत. दादा फोनवर कुणाशी तरी वाड्याच्या डागडुजीचं बोलत होता. दादाचा आवाज खर्जातला, विषय माईच्या ओळखीचा, शब्द अपेक्षित. शिवाय त्यात “आई” दोनतीनदा आलं. ऐकू येण्यासाठी याहून चांगली परिस्थिती तिच्या कानांना मिळणार नव्हती.

स्वतःचं नाव या बाबतीत खास असतं. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एक मोठ्यानं म्हणत जायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं भाषण मध्येच इंग्रजीतून जर्मनमध्ये गेलं तरी त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला तर तेवढं कळायचं. नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये त्या सोडून दिलेल्या कानात ऐकणाऱ्याचं नाव घातलं, तर साधारण एकतृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. हे कुणाला ऐकू येतं याचा शोध २००१ मध्ये लागला: एका वेळी मनात फार धरून ठेवू न शकणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांना, आणि भरपूर धरून ठेवणाऱ्यांपैकी फक्त २० टक्क्यांना. म्हणजे आपलं नाव कानावर पडणं हा काही चोरून ऐकण्याचा पुरावा नाही. उलट, नको ते बाहेर ठेवणारी पकड थोडी ढिली असेल तर नाव आत येतं.

माईवर ओरडून उपयोग का होत नाही हेही यातूनच कळतं. ओरडलं की स्वर मोठे होतात, ते तर तिला आधीच ऐकू येत होते. व्यंजनं तिथेच राहतात. शिवाय या प्रकारच्या बहिरेपणात हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज तरुण कानाला लागतो तितकाच मोठा लागतो. मधली जागाच आक्रसलेली असते. “अगं किंचाळतेस कशाला, बहिरी नाहीये मी,” असं माई म्हणते तेव्हा ती तिच्या कानाचं अचूक वर्णन करत असते.

उपयोग होतो तो तोंड दिसण्याचा. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं की कानात ‘बा’ वाजत असेल आणि पडद्यावरचे ओठ ‘गा’ म्हणत असतील तर बहुतेकांना ‘दा’ ऐकू येतं. आपण सगळेच डोळ्यांनी ऐकतो, माईला त्याची गरज जास्त आहे एवढंच. आता वहिनी नळ बंद करते, वळते, “आई” म्हणते, माईची नजर वर येईपर्यंत थांबते आणि मग बोलते. खिडकी वहिनीच्या पाठीशी असली की चेहरा काळोखात जातो, म्हणून ती जागाही बदलते. कानाचं मशीन माईकडे आहे. पहिले काही आठवडे त्यातून भांड्यांचा, कागदाचा, चपलांचा आवाज अंगावर आला आणि तिनं ते डबीत ठेवून दिलं. बरेच जण याच टप्प्यावर मशीन टाकून देतात, ही मला फार हळहळ लावणारी गोष्ट आहे. इतकी वर्षं न आलेले आवाज परत आल्यावर त्यातले कुठले सोडून द्यायचे हे मेंदूला पुन्हा शिकावं लागतं, आणि त्याला रोज थोडा थोडा वेळ लागतो. माई आता सकाळी पोथी वाचताना ते घालते. तिथून सुरुवात.

जाता जाता तरुणांच्या कानांबद्दलही बोलायला हवं, कारण नाशिक ढोलाचं गाव आहे आणि मला ढोल मनापासून आवडतो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो अशी मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, शंभरीला १५ मिनिटं. पथकात तासन् तास ढोलाला चिकटून उभ्या असलेल्या मुलामुलींनी कानात साधे बोळे घातले तर ताल कुठेही हरवत नाही.

आणि आता सिंहस्थ येतोय. २०२७ मध्ये अमृतस्नानं आहेत, रामकुंडाकडे येणाऱ्या गर्दीत माईच्या वयाची माणसं किती असतील ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. अशा गर्दीविषयी बोलताना “लोक ऐकतच नाहीत” हे वाक्य पहिलं येतं. ते कसे ऐकणार? ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. जवळच्या कर्ण्यापेक्षा दुसरा कर्णा शंभर मीटर लांब असेल तर तेच वाक्य जवळजवळ पाव ते एकतृतीयांश सेकंद उशिरानं पुन्हा कानावर येतं, आणि एक अक्षर उच्चारायला त्याहून कमी वेळ लागतो. प्रत्येक अक्षरावर मागचं अक्षर येऊन पडतं. वर झांजा, वर घोषणा, वर भाषा वेगळी. दाटीत डोळ्यांपुढे फक्त समोरच्याची पाठ. मागच्याला पुढे काय झालंय ते कळायला काही मार्गच नसतो.

आपल्याच गावात याचं उत्तर दगडात उभं आहे. गोदेला पूर आला की नाशिकमध्ये पाण्याची पातळी आकड्यात कुणी विचारत नाही. पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. लांबून दिसतं, बहिऱ्याला कळतं, अक्षरओळख नसलेल्याला कळतं, लहान मुलालाही कळतं. मला सिंहस्थात अशा खुणा हव्यात, डोक्यांच्या वर, उंचावर, एका नजरेत उमगणाऱ्या: इकडे बंद, तिकडे चालू, इथे थांबा.

आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी काही फलक काढलेत. ते वाड्याच्या चौकात वरच्या कठड्याला टांगले आणि माईला समोरच्या ओट्यावर बसवलं. भगव्यावर पिवळी अक्षरं तिला दिसेनात. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, उजेड आत कमी जातो, जवळजवळचे रंग एकमेकांत मिसळतात. मुलांनी अक्षर मोठं केलं, तरी नाही. “मोठं नको रे, काळं कर,” माई म्हणाली, आणि पांढऱ्यावर काळं केल्यावर आधीच्याहून लहान अक्षरसुद्धा तिनं धडाधड वाचलं. बाणावरून मात्र अजून जमलेलं नाही. ‘सरळ पुढे जा’ यासाठी मुलांनी बाण वरच्या दिशेनं काढलाय, महामार्गावर असतो तसा. माई म्हणते, वर म्हणजे कुठे, माडीवर? पुढे जायचं असेल तर पाठमोरा चालणारा माणूस काढा. पुढच्या आठवड्यात तो काढून पुन्हा टांगणार आहोत, आणि या खेपेला शेजारच्या दोन वाड्यांतल्या आज्यांनाही बोलावलंय.